सोन्नलगीचे क्षेत्र आणि दक्षिणेतील आरोग्यशाला

संक्रांतीच्या आदल्या दिवशी, पौषातला गारठा हवेतून पुरता ओसरलेला नसतो अशा वेळी, पांढऱ्या बाराबंदीतील शेकडो माणसे नंदीध्वजांच्या मागोमाग सोलापूर शहरातून निघतात, आणि पेठापेठांत, बोळांत, एखाद्या दुकानाच्या आडोशाला किंवा एखाद्या वाड्याच्या परसात वसलेल्या अडुसष्ट लिंगांना एकेक करून तेल घालीत जातात. एके वर्षी मी या मिरवणुकीबरोबर चालत होतो. एका लिंगापाशी गर्दी पुढे सरकल्यावर मी थोडा मागे रेंगाळलो. काळ्या पाषाणावरून तेलाचे ओघळ अजून उतरत होते, आणि एक वृद्ध बाई शाळुंकेच्या तोंडाशी पितळी वाटी धरून ते ओघळ गोळा करीत होती. वाटीत चमचाभर तेल जमल्यावर तिने ते आधी आपल्या दोन्ही गुडघ्यांना चोळले, मग शेजारी उभ्या असलेल्या नातवाच्या छातीला लावले, आणि उरलेले पदराखाली झाकून ती घरी निघाली. तिला मी काही विचारले नाही. विचारण्यासारखे काही नव्हतेच. देवाचे तेल हे औषध आहे, ही गोष्ट तिच्या मनात इतकी पक्की होती की ती सांगण्याचीही तिला आवश्यकता वाटली नसती.

देवस्थान आणि औषध यांचा हा संबंध केवळ त्या बाईच्या श्रद्धेत आहे, की या भूमीच्या इतिहासातही त्याला आधार आहे, या प्रश्नाने त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवला. तो मला कोठे कोठे घेऊन गेला, त्याचा हा वृत्तांत आहे.

सोलापूर हे नाव ‘सोळा पुरे’ म्हणजे सोळा गावे एकत्र येऊन पडले, अशी व्युत्पत्ती शाळेत असताना आम्ही सर्वांनी पाठ केलेली असते, आणि ती ऐकायला गोडही आहे. परंतु शिलालेखांची साक्ष तिच्या बाजूने नाही. कलचुरींच्या काळातील शिवयोगी सिद्धरामाच्या लेखांत या गावाचे नाव सोन्नलगे किंवा सोन्नलगी असे येते, आणि यादवांच्या काळापर्यंत तेच चालू राहिले. यादवांचे राज्य लयाला गेल्यानंतरच्या, शके १२३८ च्या, मोहोळ तालुक्यातील कामती येथील संस्कृत लेखात ते सोनलीपूर झाले आहे. किल्ल्यातील एका लेखात सोनलपूर, तर किल्ल्यातल्याच एका विहिरीवरच्या लेखात संदलपूर. एखाद्या वडिलोपार्जित भांड्यावर प्रत्येक पिढीने आपापले नाव कोरावे आणि भांडे मात्र तेच राहावे, तसे हे झाले आहे. सोन्नलगी म्हणताच ज्याचे नाव ओठांवर येते तो सिद्धराम हा गावाचा केवळ दैवतपुरुष नव्हे. तो त्याचा संस्थापक आहे, आणि ‘संस्थापक’ हा शब्द मी येथे पूर्ण अर्थाने वापरीत आहे.

बाराव्या शतकातील या पुरुषाचे चरित्र तेराव्या शतकात राघवांक या थोर कन्नड कवीने ‘सिद्धराम चारित्र’ या काव्यात गायिले. त्यातील आणि सोलापूरच्या परंपरेतील कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही असे कोणी म्हणेल. परंतु माझ्या विषयाचा धागा त्यांच्यातच असल्यामुळे एक कथा थोडक्यात सांगतो. सुग्गव्वेचा हा अबोल मुलगा शेतात राखणीला बसलेला असता मल्लय्या नावाचा एक जंगम तेथे येतो आणि हुरडा मागतो. मुलगा कणसे भाजून देतो. मल्लय्याला हुरडा खाऊन दाह होतो, आणि तो शमवण्यासाठी दहीभात हवा म्हणतो. मुलगा घरी धावत जाऊन दहीभात घेऊन येतो, तर मल्लय्या गेलेला असतो. आणि मग हाती दहीभात घेऊन ‘मल्लय्या, मल्लय्या’ अशा हाका मारीत तो पोर थेट श्रीशैलापर्यंत जाऊन पोहोचतो. कथेचा भक्तीच्या बाजूचा अर्थ सर्वांना ठाऊक आहे. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. सिद्धरामाच्या आयुष्यातील पहिली घटना ही आजाऱ्याला पथ्याचे अन्न नेऊन देण्याची आहे. दाह, त्यावर दहीभात, आणि तो वेळेवर न पोहोचल्याची तळमळ, एवढ्यावर या सगळ्या क्षेत्राची पायाभरणी झाली आहे.

श्रीशैलाहून परतल्यावर त्याने काय केले? त्याने देऊळ बांधले. पंचक्रोशीत अडुसष्ट लिंगे स्थापिली, अष्टविनायक व अष्टभैरव बसविले. आणि सर्वांत मोठे काम म्हणजे, तलाव खोदला. क्षेत्रासाठी चामलादेवी या राणीने भूमी दिली, अशी परंपरा आहे. आज सिद्धेश्वराचे मंदिर ज्या पाण्याच्या मध्यभागी उभे आहे आणि भुईकोट किल्ल्याची तटबंदी ज्याला एका बाजूने चिकटली आहे, तोच हा तलाव. पर्जन्यछायेतील हा मुलूख. येथे आकाशाकडे पाहण्याची सवय लेकरांना चालायला लागण्याआधी लागते. अशा ठिकाणी पाण्याचा साठा करणे हे शोभेचे काम नव्हते. अवर्षणाच्या वर्षी माणसे आधी तहानेने कासावीस होतात, मग डबक्याचे पाणी पिऊन पटकी-हगवणीने मरतात, आणि मग उरलेली उपासमारीने. त्यामुळे या भागात आरोग्याचा पहिला उपचार म्हणजे स्वच्छ पाण्याचा साठा, हे सांगण्यास वैद्यकाच्या पदवीची जरुरी नाही. १८७१ च्या सुमारास इंग्रज सरकारने शहराजवळ एकरुखचा विस्तीर्ण तलाव पुरा केला, तेव्हा त्यांनी जे केले ते सात शतकांपूर्वी सिद्धरामाने आपल्या ऐपतीप्रमाणे केले होते.

परंतु या तलावावरून एक मोठा वाद झाला, आणि तो वाद शरणसाहित्यात नोंदला गेला आहे ही आपल्या भाग्याची गोष्ट म्हटली पाहिजे. ‘शून्यसंपादने’ या ग्रंथात प्रसंग येतो तो असा: अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलगीस येतात आणि पाहतात तो शेकडो माणसे माती उपसत आहेत, दगड फोडत आहेत, आणि सिद्धरामाच्या नावाचा जयघोष चालला आहे. अल्लमप्रभू त्याला ‘वड्ड’ म्हणून हिणवतात. वड्ड म्हणजे आपला वडार. देऊळ, तळी, दानधर्म यांत गुंतून तू आत्मज्ञानाला मुकलास, असा त्यांचा आक्षेप. आपल्या गुरूचा हा उपमर्द ऐकून कामावरच्या लोकांनी अल्लमप्रभूंवर दगड भिरकावले, असेही ग्रंथ सांगतो. पुढे दोघांचा संवाद होतो, सिद्धराम नमतो, कल्याणास जातो, चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतो, आणि अखेर शून्यसिंहासनाच्या अधिपतींच्या परंपरेत अल्लमप्रभू व चन्नबसवण्णा यांच्यानंतर त्याचे नाव येते.

आत्मज्ञान मोठे की तलाव, या वादात निवाडा देण्याचा माझा अधिकार नाही. पण एवढे मी म्हणतो, आणि ते पूर्ण आदराने म्हणतो, की अल्लमप्रभूंची जन्मभूमी म्हणून परंपरा ज्या बळ्ळिगावीचे नाव घेते त्याच बळ्ळिगावीत त्या वेळी एक मठ असा होता की जेथे ज्ञान आणि सेवा या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली नांदत होत्या. आणि त्या मठाला ज्या राजाने दान दिले त्याचे मूळ घराणे आपल्या सोलापूर जिल्ह्यातले होते.

त्या राजाचे नाव बिज्जळ. कलचुरींची ही शाखा मंगळवेढ्याची. सोलापूरहून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. दामाजीपंतांच्या आणि ज्वारीच्या कोठारांच्या आठवणीने मंगळवेढे आपल्याला ठाऊक असते, पण त्याच्याही पूर्वी ते एका राजवंशाचे मूळपीठ होते आणि बसवण्णांच्या सेवेचा आरंभही मंगळवेढ्याच्या दप्तरात झाला अशी परंपरा आहे, हे आपण सहसा लक्षात ठेवीत नाही. चालुक्यांचा मांडलिक असलेला बिज्जळ पुढे स्वतः कल्याणचा स्वामी झाला, आणि इ. स. ११६२ मध्ये तो दक्षिणेत बळ्ळिगावीस असताना तेथील कोडियमठाला त्याने दान दिले. त्या दानाचा शिलालेख उपलब्ध आहे, आणि माझ्या मते मध्ययुगीन दक्षिणेच्या सामाजिक इतिहासात त्याच्या तोडीचे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच निघतील.

हा मठ कालामुख शैवांचा. त्याचा अधिपती वामशक्ती. तळ्याच्या कोडीपाशी, म्हणजे सांडव्यापाशी, असल्यामुळे त्याला कोडियमठ म्हणत. याचा अर्थ मठ आणि तळे यांची जोडी तेथेही होतीच. शिलालेखाचा कर्ता मठाचे वर्णन करताना एकामागून एक ‘हे अमक्याचे स्थान, हे तमक्याचे स्थान’ असे सांगत जातो. वेदांच्या पठणाचे स्थान. कौमार, पाणिनीय, शाकटायन इत्यादी व्याकरणांचे स्थान. न्याय, वैशेषिक, मीमांसा, सांख्य यांचे, आणि बौद्ध दर्शनाचेसुद्धा. पुराणे, धर्मशास्त्रे, काव्य आणि नाटक यांचे स्थान. येथवर ही एखाद्या विद्यापीठाची यादी वाटते. मग तो वळतो. दीन, अनाथ, पांगळे, आंधळे, बहिरे यांना, आणि त्यांच्याचबरोबर कथेकरी, गायक, वादक, नट यांना नित्य अन्न देण्याचे हे स्थान. एकदंडी, त्रिदंडी, हंस, परमहंस यांना, आणि क्षपणक म्हणजे जैन भिक्षूंनाही. आणि त्यानंतर, अनेक अनाथ रोगी जनांच्या रोगांवर औषधोपचार करण्याचे हे स्थान. शेवटी, सर्व भूतांना अभय देण्याचे हे स्थान.

‘अनाथ रोगी’ हे दोन शब्द एकत्र यावेत यातच सारे आले. ज्याला नाथ आहे, म्हणजे ज्याला घर आहे, त्याचे आजारपण घर काढते. गावाकडे आजही आजाऱ्याचे ‘काढणे’ हाच शब्द आहे. ज्याला कोणी नाही त्याचे आजारपण कोणी काढायचे, हा समाजापुढचा प्रश्न होता, आणि बाराव्या शतकातील दक्षिणेने त्याचे उत्तर दिले की, ते मठाने काढायचे.

हे उत्तर बळ्ळिगावीपुरते नव्हते. तिच्याही आधी, इ. स. १०६९ च्या सुमारास, कांचीपुरमजवळील तिरुमुक्कूडल येथील विष्णुमंदिरात चोळ राजा वीरराजेंद्र याच्या काळचा जो लेख कोरला गेला, त्यात मंदिराशी संलग्न असलेल्या ‘वीरशोळन’ नावाच्या आतुरशाळेचा जमाखर्च आहे. खाटा पंधरा. एक वैद्य, त्याला वर्षाला नव्वद कलम भात आणि आठ काशू. एक शल्यक्रिया करणारा. औषधी मुळ्या आणणारे, सरपण आणणारे आणि औषधे सिद्ध करणारे दोघे, रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या दोन स्त्रिया, एक न्हावी. अगस्त्यहरीतकी, कल्याणलवण इत्यादी औषधांचा वर्षभराचा साठा किती ठेवायचा याची मापे. आणि रात्रभर एक दिवा जळावा म्हणून तेलाची वेगळी तरतूद. ही आतुरशाळा मुख्यतः तेथील पाठशाळेच्या विद्यार्थ्यांसाठी आणि देवळाच्या सेवकांसाठी होती, हे खरे. परंतु रात्रभर दिवा लागतो, हे ज्या कारभाऱ्याला सुचले त्याने कधीतरी आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढलेली होती, याविषयी माझ्या मनात शंका नाही.

तिसरा लेख आंध्रातील, गुंटूरकडील मलकापुरम येथला, इ. स. १२६१ चा. काकतीय राणी रुद्रमादेवीच्या काळी विश्वेश्वरशंभू या गोळकी मठाच्या शैवाचार्याने तेथे जी संस्था उभारली तिच्यात देऊळ, मठ, पाठशाळा आणि अन्नसत्र होते, आरोग्यशाला होती, आणि त्याशिवाय प्रसूतिशाला होती. अन्नसत्रात ब्राह्मणापासून चांडाळापर्यंत कोणालाही अन्न नाकारू नये, अशी आज्ञा त्या लेखात आहे. तेराव्या शतकात, दगडावर, प्रसूतिशालेची नोंद! ज्या बाईला माहेर नाही आणि सासर नाही, तिने बाळंत कोठे व्हायचे, याचा विचार एका संन्याशाने केला होता.

नेमका हाच विचार त्याच सुमारास इंग्लंडात, अगदी वेगळ्या धर्माच्या माणसांनी केला होता, आणि तो माझ्या वाचनात आला तेव्हा मी काही वेळ पुस्तक मिटून बसलो. लंडनमध्ये स्मिथफील्ड येथे इ. स. ११२३ मध्ये राहेर नावाच्या, पहिल्या हेन्री राजाच्या दरबारात वावरलेल्या एका धर्मपुरुषाने संत बार्थोलोम्यूच्या नावाने एक मठ आणि त्याला लागून एक रुग्णालय स्थापिले. तो रोमच्या यात्रेस गेला असता आजारी पडला, आणि बरा झालो तर गरिबांसाठी रुग्णालय बांधीन, असा त्याने नवस केला होता. म्हणजे येथेही आरंभ एका यात्रेतून आणि एका आजारातून आहे. सोन्नलगीचा मुलगा श्रीशैलाकडे गेला, राहेर रोमकडे गेला. एकाने परत येऊन तलाव आणि देऊळ बांधले, दुसऱ्याने मठ आणि रुग्णालय. दोघेही एकाच शतकातले. त्या लंडनच्या रुग्णालयात ऑगस्टिनी नियमाने राहणारे बंधू आणि भगिनी रोग्यांची सेवा करीत; गरोदर स्त्रियांना प्रसूत होईपर्यंत तेथे आश्रय असे, आणि तेथे बाळंतपणात आई दगावली तर तिच्या मुलाला सात वर्षांचे होईपर्यंत तेथेच सांभाळले जाई.

इंग्लंडात अशी मठ-रुग्णालये त्या काळी शेकड्यांनी होती. बरीचशी अगदी लहान, वेशीबाहेरच्या रस्त्यावर, डझनभर खाटांची. ‘हॉस्पिटल’ या शब्दाचा मूळ अर्थच पांथस्थाच्या आतिथ्याचा आहे. त्यामुळे आपल्याकडील धर्मशाळा, सत्र आणि आरोग्यशाला या तीन कल्पना त्या एका शब्दात सामावल्या होत्या. पुढे आठव्या हेन्रीने सोळाव्या शतकात मठ खालसा केले, त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या, आणि त्यांच्याबरोबर ही लहानसहान रुग्णालये नाहीशी झाली. बार्थोलोम्यूचा मठ १५३९ मध्ये गेला. त्याचे रुग्णालयही बुडायचेच, परंतु लंडनच्या नागरिकांनी राजाकडे रदबदली केली, आणि १५४६ च्या सुमारास ते नगराच्या स्वाधीन झाले. ते आज त्याच जागी चालू आहे. नऊशे वर्षे एका जागेवर आजाऱ्याची सेवा अखंड चालली, याचे श्रेय जितके राहेरला आहे तितकेच, किंबहुना अधिक, त्या अडीअडचणीच्या वर्षी अर्ज करणाऱ्या लंडनच्या व्यापाऱ्यांना आणि कारागिरांना आहे.

येथे प्रश्न उत्पन्नाचा येतो, आणि इतिहासलेखनात हा प्रश्न टाळला की सगळे नुसते भाविक होऊन बसते. मठ चालतो कशावर? आपल्या महाराष्ट्रातले उत्तम उदाहरण चाळीसगावजवळच्या पाटणचे आहे. शके ११२८ च्या तेथील लेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून, मठ स्थापिल्याची हकिकत आहे. लेखाचा आरंभीचा भाग संस्कृत आणि भारदस्त आहे, पण मठाला काय काय द्यायचे हे सांगण्याची वेळ आली की भाषा मराठी होते: धान्याचे माप, तेलाच्या घाण्यामागे इतके तेल, अशा रोजच्या बाजारातल्या नोंदी. विद्येचे वर्णन संस्कृतात आणि तेलाचे माप मराठीत, यात मला काही कमीपणा दिसत नाही; ज्याने तेल द्यायचे त्याला ते वाचता यावे किंवा ऐकून कळावे, हा त्यातला व्यवहार आहे. तिरुमुक्कूडलचा दिवा आणि पाटणचा मठ दोन्ही शेवटी कोणा तेल्याच्या घाण्यावर चालत होते.

आणि ज्या दिवशी घाण्याचे तेल येणे थांबले त्या दिवशी दिवा विझला. राज्ये बदलली. यादव गेले, बहमनी आले. आपला भुईकोट किल्ला त्याच अंमलातला, आणि त्याच्या आत आजही एका पुरातन देवालयाचे कोरीव खांब आणि अवशेष उभे आहेत. परंतु केवळ धर्म बदलला म्हणून आरोग्यशालेची कल्पना दक्षिणेतून नाहीशी झाली, असे कोणी समजू नये. ज्या बहमनींच्या ताब्यात सोलापूर होते त्यांच्यापैकी दुसरा अलाउद्दीन अहमदशहा याने पंधराव्या शतकात बिदर येथे दारुश्शिफा बांधली, तिच्या खर्चासाठी गावांचा वसूल लावून दिला, आणि तिच्यात मुसलमान हकीम आणि हिंदू वैद्य असे दोन्ही नेमले, ही नोंद फिरिश्ता या इतिहासकाराने केली आहे. बळ्ळिगावीत मठाधिपतीने जैन भिक्षूला जेवू घातले होते; बिदरात सुलतानाने वैद्याला हकिमाच्या शेजारी बसविले. इनाम गेले की देवस्थान म्हणा, वक्फ म्हणा, संस्था ओस पडायची, आणि गावोगावच्या देहझाड्यांत ‘मठाची जमीन’, ‘सत्राचे शेत’ अशी नावे तेवढी उरायची. सोलापूर जिल्ह्यात अशी शेतांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. ज्या मठाचे ते शेत, तो मठ कोठे होता हे मात्र सांगणारे दिवसेंदिवस कमी होत आहेत.

सोन्नलगीला बळ्ळिगावीसारखी आरोग्यशाला होती, असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की सिद्धरामाचे कार्य ज्या जगात घडले त्या जगात देऊळ, तळे, अन्न, विद्या आणि औषध ही एकाच कर्तव्याची अंगे मानली जात होती. त्याच्या समकालीन राजाचे दानपत्र तेच सांगते. म्हणून सिद्धरामाकडे केवळ यात्रेचा देव म्हणून पाहणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. संक्रांतीला संमती कट्ट्यावर त्याच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह लागतो, अक्षता पडतात, ‘हर्र बोला हर्र’ अशा आरोळ्यांनी सगळी गड्डा यात्रा दुमदुमते. तो सोहळा डोळे भरून पाहावा असाच आहे, आणि मी तो प्रतिवर्षी पाहतो. परंतु त्या कथेचाही गाभा पुन्हा तोच नाही का? अंगण सारवणारी, शेणसडा घालणारी एक कुंभाराची पोर. तिच्या मनातला हट्ट. आणि तो न लाथाडता तिला आपला योगदंड देणारा एक योगी. ज्याचे कोणी ऐकत नाही त्याचे ऐकण्याची रीत या क्षेत्रात मुळापासून आहे.

हीच रीत आमच्या जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात एका निराळ्या रूपाने पुन्हा प्रकट झाली. पंढरपूर हे पतित मानल्या गेलेल्या विधवांचे शेवटचे ठिकाण झाले होते. वारीच्या गर्दीत, चंद्रभागेच्या वाळवंटात, कोणाला नको असलेली अर्भके टाकून दिली जात. जोतीराव फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. १८७५ मध्ये, पंढरपूरला मुन्सफीवर असलेले लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात अनाथ अर्भकांसाठी आश्रम उघडला. पुढे तो वासुदेव बाबाजी नवरंगे यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि आज इतक्या वर्षांनीही तेथे लेकरे वाढत आहेत. मलकापुरमची प्रसूतिशाला, बार्थोलोम्यूच्या मठातील सात वर्षांची मुले, आणि पंढरपूरचा हा आश्रम: साडेसातशे वर्षांच्या अंतराने, तीन भाषांत, तीन श्रद्धांच्या माणसांनी एकाच अनाथ बाळाला उचलून घेतले आहे.

आता वर्तमानात यावे. सोलापूरच्या शासकीय सर्वोपचार रुग्णालयाच्या आवारात मी एक संध्याकाळ काढली. १९६३ मध्ये स्थापन झालेले डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय याच रुग्णालयाशी जोडलेले. येथे जिल्ह्यातले रोगी येतात. त्यांच्याबरोबर धाराशिवकडचे, विजयपूरकडचे आणि कलबुर्गीकडचेही येतात. झाडाखाली सतरंजी टाकून एक कुटुंब बसले होते. इंडी तालुक्यातले, घरात कन्नड, बाहेर मराठी. आजोबा आत दाखल होते. सुनेने एका फडक्यात बांधून आणलेल्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी काढली, आणि मी नको नको म्हणत असता एक चतकोर माझ्या हातावर ठेवलाच. रात्र पडली तशी पडवीतल्या खाली टेकलेल्या माणसांची संख्या वाढत गेली. आतल्या वॉर्डात दिवे लागले होते; ते रात्रभर जळायचे होते. तिरुमुक्कूडलच्या कारभाऱ्याला ही पडवी ओळखीची वाटली असती. याच शहरात मार्कंडेय सहकारी रुग्णालय आणि अश्विनी सहकारी रुग्णालय उभे राहिले. म्हणजे राजाच्या दानपत्राच्या जागी सभासदाचा भाग आला. या शहरात जन्मलेला द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेला, परक्या सैनिकांच्या जखमा शिवता शिवता ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच मृत्यू पावला. त्याला श्रीशैलाकडे दहीभात घेऊन धावणाऱ्या मुलाचा वारस म्हटले, तर सोलापूरकराला ते खटकू नये.

एक गोष्ट बोलायची राहिली, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. बळ्ळिगावीचा दगड कोणीतरी जपला, वाचला, छापला म्हणून आपल्याला ‘अनाथ रोगी’ हे शब्द मिळाले. आपल्या जिल्ह्यात भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल येथे देवळाच्या तुळईवर शके ९४० चा मराठी लेख आहे, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो पाहिला, वाचला आणि लोकांपुढे ठेवला नसता तर ती ओळ आजही तेथे धुळीत पडून राहिली असती. आयुष्यभर पायपीट करून एकेका खेड्यातले लेख त्यांनी उजेडात आणले. तरीही अशी खेडी मी पाहिली आहेत की जेथे वेशीतल्या शिळेवर दरवर्षी दिवाळीला तैलरंगाचा हात फिरतो आणि अक्षरे बुजत जातात. एका ठिकाणी तर कोरीव शिळा पाणवठ्यावर धुणे आपटण्यासाठी पालथी घातलेली होती. तिच्या खालच्या बाजूस बोट फिरवले तर चंद्र, सूर्य आणि गाय-वासरू हाताला लागत होते. म्हणजे ते दानपत्र होते. ते दान देवळाला होते, तळ्याला होते, की कोणा अनाथ रोग्याच्या औषधाला, हे शिळा उलटी केल्याशिवाय कळायचे नाही.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत आपापल्या गावी जाल तेव्हा मारुतीच्या पाराशी, वेशीत, विहिरीच्या पायरीत अशी एखादी अक्षरांची शिळा दिसली तर तिला रंग लावू देऊ नका, ती हलवू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, तिरप्या उन्हात तिचे छायाचित्र घ्या, गावाचे आणि जागेचे नाव त्याच्यामागे लिहा, आणि जवळच्या इतिहास संशोधन मंडळाकडे किंवा पुरातत्त्व खात्याकडे पाठवून द्या.